उचंत खातं

पहाटे ४.१५

आज गजराची गरजच पडली नाही. गाद्या काल रात्रीच गुंडाळून सुतळीने बांधल्या होत्या. चौघं सतरंजीवर आडवे झालो, आणि बिबवेवाडीतल्या या तिसऱ्या मजल्याच्या फरशीने चारलाच उठवलं. टेबल पाय वर करून दाराशी उभं आहे, म्हणून पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसले. ओटा घरमालकाचा. तो तेवढा बांधायचा नाही.

पुस्तक जेएआयआयबीचं. बँकेत चिकटल्यावर द्यायची ही परीक्षा. चार पेपर, प्रत्येकी १०० गुण, दोन तास, पन्नासला पास. चुकलेल्या उत्तराचे गुणसुद्धा कापत नाहीत. तरी मागच्या खेपेला तीन विषय सुटले आणि अकाउंट्स ४३ वर अडकला. बाबांनी मार्केट यार्डात एका आडत्याकडे ३३ वर्षं दिवाणजी म्हणून कीर्द-खतावणी लिहिली. निकाल पाहून ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आजचा धडा सस्पेन्स अकाउंटचा. तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम तात्पुरती या खात्यात टाकायची. चूक सापडली की तिथून काढून जिथली तिथे न्यायची. बाबा याला उचंत म्हणतात. "कुठे टाकायचं ते कळत नाही तोवर उचंतीत टाकावं. पण उचंत फार दिवस राहिलं, तर दुकानात कुणाचं लक्ष नाही असं समजावं."

पहाटे ५.३०

बाबा उठले आणि त्यांची लाल कापडी वही उघडली. आजच्या दिवसापुरतं घर म्हणजे पेढी. एका बाजूला इथून निघालेलं सामान, दुसऱ्या बाजूला धायरीत पोचलेलं. प्रत्येक नगाला आकडा. भांड्यांसाठी यार्डातून हापूसच्या रिकाम्या पेट्या मिळाल्या, पेंढ्यासकट. त्यामुळे कुकरपासून देवाच्या समईपर्यंत सगळ्याला आंब्याचा वास.

नाव लिहायचं काम धाकट्या भावाकडे होतं. पहिल्या दहा पेट्यांवर त्याने "डबे", "कपबश्या", "बाबांची औषधं" असं नीट लिहिलं. पुढे कंटाळा आला आणि सात पेट्यांवर एकच शब्द: सटरफटर.

"अरे, सातही सटरफटर?"

"ताई, उघडून बघ. आहेच सटरफटर."

शेवटच्या घाईत मी माझी सोडवलेल्या गणितांची वही आणि कॅल्क्युलेटर त्यातल्याच एका पेटीत सारले. संध्याकाळी लगेच काढू म्हटलं.

सकाळी ७.००

छोटा हत्ती खाली लागला. दोन हमाल वर आले. चहाही न घेता त्यांनी आधी विचारलं, "कपाट लोखंडी का लाकडी?" लोखंडी. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. लिफ्ट नाही म्हणून मजल्यामागे पैसे ठरले होतेच. कपाटाला दोर आवळला, एकाने ते पाठीवर घेतलं, दुसरा खालून आधार देत उलटा उतरू लागला. प्रत्येक वळणावर "जरा डावीकडं… बास… घे." चाळीस पायऱ्यांत भिंतीला एकदाही घासलं नाही. मी हातात फक्त पंख्याची पाती घेऊन उतरले आणि दोनदा आपटले.

आई वेगळ्या रिक्षाने निघाली. मांडीवर देवांचा डबा, मिठाची बरणी आणि भरलेली कळशी. आज अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला दिवस आणि कराराची अखेरची तारीख एकाच दिवशी आली, हे तिच्या मते देवानेच जमवलं. माझ्या मते कॅलेंडरने. पण महिनाअखेर असल्याने रजा मिळाली नाही, हे कुणी जमवलं ते दोघींनाही सांगता येईना.

सकाळी ८.१५

घरमालक किल्ल्या घ्यायला आले. करार ११ महिन्यांचा. वर्षभराच्या आतल्या कराराची नोंदणी करावी लागू नये म्हणून ही ११ ची पद्धत पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने छोट्या मुदतीचा लिव्ह अँड लायसन्सही लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. म्हणजे कारण गेलं, ११ राहिले. मुदत उलटून गेल्यावर ठाण मांडलं तर दुप्पट रक्कम भरावी लागते, हेही त्यातच. म्हणून आजच.

मालकांनी भिंती पाहिल्या, एका खिळ्याच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाले, "रंगाचा एक महिना धरू." डिपॉझिटमधून एक भाडं गेलं. बाबांनी वहीत "रंग" असं लिहून आकडा टाकला. भोकाबद्दल काही लिहिलं नाही.

सकाळी ९.४५

शाखा मार्केट यार्डाजवळ. बिबवेवाडीहून चालत १५ मिनिटं लागायची. आजची ही शेवटची चाल, हे शाखेच्या पायरीवर आल्यावर लक्षात आलं. तिजोरी उघडायला दोघांच्या दोन किल्ल्या लागतात. साहेबांची एक, हेड कॅशिअरची एक. दोघं आत गेले, मी माझी रोकड मोजून घेतली आणि खिडकीमागे बसले. कालपर्यंत माझ्याही पर्समध्ये घराची किल्ली होती. आज जुन्या घराची दिली, नव्याची आईकडे. पर्स हलकी वाटते.

सकाळी १०.०० ते दुपारी १.३०

अक्षय्य तृतीया म्हणजे फळबाजाराची दिवाळी. आमच्या खिडकीवर पहाटेचा सगळा धंदा दहा वाजता येतो. नोटांना पेंढ्याचा वास, काहींना चिकट हात. मशीन अशा नोटा गिळत नाही. त्या बोटांनी मोजायच्या. पन्नास हजारांवरच्या रोख भरण्याला पॅन लागतो, म्हणून काही स्लिपा मोठ्या विचाराने ४९,५०० च्या असतात. आपण मोजायचं, शिक्का मारायचा.

साडेबाराला एक मुलगा आला. उदगीरचा, गाळ्यावर मापाड्याच्या हाताखाली. त्याला पत्ता बदलायचा होता. आधार गावाकडचं.

"लाइट बिल आहे का? दोन महिन्यांपेक्षा जुनं नको."

"मॅडम, बिल मालकाच्या नावावर येतंय."

माझंही मालकाच्याच नावावर येणार आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. नियम आठवला. पुस्तकातल्या त्या पानावर चहाचा डाग आहे म्हणून पक्का लक्षात राहिलाय. पत्ता बदलल्याचं ग्राहकाने स्वतः लिहून द्यायचं, आणि बँकेने दोन महिन्यांत तो खरा आहे का पाहायचं. त्याला फॉर्म दिला, कुठे सही करायची ते दाखवलं.

"मॅडम, दोन महिन्यांत परत खोली बदलली तर?"

याचं उत्तर पुस्तकात नाही. मागची रांग पुढे सरकली.

दुपारी २.००

डब्यात काल रात्रीची पोळी आणि गूळ. आईचा फोन.

"दूध उतूच जाईना गं! ती विजेची शेगडी, वर आलं की आपोआप बंद पडते."

नव्या घरात पाइप गॅस आहे, पण जोडणी आपल्या नावावर व्हायला वेळ आहे, म्हणून इंडक्शन. वास्तूत पहिलं दूध उतू गेलं पाहिजे. शेगडीला हे कुणी सांगितलेलं नाही.

"मग?"

"तुझ्या बाबांनी पातेलं बदललं. लहान घेतलं आणि काठोकाठ भरलं. शेगडी बंद पडायच्या आत गेलं."

पोळी संपेस्तोवर स्टॅम्प ड्यूटीचं गणित सोडवलं, आमच्याच कराराचं. भाडं १८,००० गुणिले ११, म्हणजे १,९८,०००. डिपॉझिट ६०,००० वर दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज धरायचं, ५,५००. एकूण २,०३,५००, त्यावर पाव टक्का: ५०८ रुपये ७५ पैसे. नोंदणीचे १,००० वेगळे. रविवारी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला होता, त्याच्या आकड्याशी पडताळलं. जुळलं. स्वतःचे पैसे असले की अकाउंट्स जमतं मला.

दुपारी ४.३०

रोकड जुळेना. ५०० रुपये जास्त. कमी पडले तर खिशातून भरायचे, त्यामुळे कमी पडले की सगळं अंग गरम होतं. जास्त आले की निराळीच भीती. कुणाचे तरी आहेत आणि तो माणूस रात्री घरी आपला हिशोब लावत बसणार. सगळ्या स्लिपा पुन्हा पाहिल्या. ४९,५०० च्या त्या गठ्ठ्यावर जास्त वेळ थांबले. एखाद्याने पन्नास हजार मोजून दिले आणि स्लिप मात्र विचाराने लिहिली, असं झालं असेल का? दोन गाळ्यांवर फोन लावला. दिवाणजी झोपले होते. पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाची ती वेळच झोपेची.

साहेब म्हणाले, "सस्पेन्सला घ्या. उद्या एक मे, सुट्टी. परवा बघू."

सकाळी वाचलेला धडा संध्याकाळी स्वतःच्या सहीने लिहिला. परीक्षेत हा प्रश्न आला तर चुकणार नाही. फक्त ५०० रुपयांची सवय लागायला नको.

संध्याकाळी ६.१०

स्वारगेटवरून धायरीची बस. आजवर या रस्त्याने मी सिंहगडावर गेले होते. घरी जाण्यासाठी कधीच नाही. राजाराम पुलापर्यंत उभी, विठ्ठलवाडीला खिडकी मिळाली. पुस्तक उघडलं. आनंदनगरला पोचले तेव्हाही तेच पान होतं. बस थांबली की वाचायचं, हलली की पोटात ढवळतं. त्या मानाने सिंहगड रस्ता विद्यार्थ्यांसाठी फार सोयीचा आहे. बस बहुतेक थांबलेलीच असते.

कंडक्टर "वडगाव, वडगाव" ओरडला तेव्हा मी उठू लागले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं उतरायचं?" मला सोसायटीचं नाव आठवेना. फोनमध्ये पाहून सांगितलं. "धायरी फाट्याला उतरा मग," त्या म्हणाल्या आणि जरा संशयाने पाहिलं.

संध्याकाळी ७.३५

गेटवर वॉचमन काकांनी अडवलं. "रजिस्टरमध्ये लिहा."

"काका, मी इथंच राहते."

"कधीपासून?"

"आजपासून."

"मग लिहा. उद्यापासून नका लिहू."

केबिनच्या दारात आंब्याच्या पेटीवर रजिस्टर ठेवलं होतं. वाकून लिहिलं. नाव. वेळ. "कुठून आलात": बिबवेवाडी लिहिलं, खोडलं, बँक लिहिलं. "कोणाकडे": तिथे क्षणभर थांबले आणि लिहिलं, आई-बाबा. काकांनी चष्मा सरकवून वाचलं. "चौथा मजला. जा."

रात्री ८.३०

घर म्हणजे पेट्यांमधल्या वाटा. देव एका पेटीवर बसलेत, त्यांच्यापुढे दुधाची वाटी आणि पहिला आंबा. खिचडीही त्याच इंडक्शनवर शिजली. तिच्या बाबतीत शेगडीने काही हट्ट केला नाही.

जेवण झाल्यावर बाबांनी वही उघडली. तिकडून निघालेले नग ४३. इथे पोचलेले ४२.

भावाने नग पुन्हा मोजले. ४२. गॅलरीत पाहिलं. ४२. टेम्पोवाल्याला फोन केला. गाडी रिकामी, म्हणाला, झाडूसुद्धा मारला.

"बाबा, तुम्ही एक पेटी लिहिलीच नसती ना, तर हिशोब जुळला असता," भाऊ म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात याला तुझ्या पुस्तकात?"

"पूर्ण वगळलेली नोंद. दोन्ही बाजूंनी सुटली की तेरजेत दिसत नाही."

"दिसत नाही," ते म्हणाले, "पण माल गेलेलाच असतो." आणि वहीत खाली लहान अक्षरात लिहिलं: उचंत, पेटी एक.

कोणती पेटी, ते पाच मिनिटांत कळलं. सटरफटर सहाच सापडल्या. सहाही उघडल्या. पापडाचा डबा निघाला, छत्र्या निघाल्या, आजीचा अडकित्ता निघाला, इस्त्रीची वायर निघाली. माझी वही नाही.

रात्री ९.२०

"हापूसच्या पेट्या पुण्यात आज गल्लोगल्ली पडल्यात," आई म्हणाली. "कुणी उचलली असेल तर कशी ओळखणार?"

गल्लोगल्ली म्हटल्यावर आठवलं. चप्पल घालून खाली गेले.

काकांचा जेवणाचा डबा आता रजिस्टरच्या जागी, पेटीवरच उघडलेला होता.

"काका, ही पेटी कुणाची?"

"काय माहीत. दुपारी टेम्पोतनं उतरवली आणि इथंच विसरले. फ्लॅट नंबर नाही, नाव नाही. नुसतंच लिहिलंय सटरफटर. आता कुणाच्या दारात नेऊन ठेवू? म्हटलं, ज्याची असेल तो येईल." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "जेवू द्या दोन मिनटं. मग घेऊन जा."

मी पायरीवर बसले. काकांनी सावकाश जेवून घेतलं, डबा धुतला, पेटीवर सांडलेलं पिठलं ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "रजिस्टरला सही करा. माल मिळाला म्हणून."

रात्री १०.३०

बाबांनी ४३ व्या नगापुढे बरोबरची खूण केली, खालच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि वही मिटली. मग माझी वही पेटीतून काढून, पेंढा झटकून, स्वतःच चाळली. एका पानावर थांबले. पेन्सिलने एक आकडा गोल केला.

"इथे वजाबाकी चुकलीय."

मी पाहिलं. खरंच चुकली होती. मागच्या वर्षीचं पान होतं, ४३ मिळाले त्याच्या आधीचं.

"आणि तुमच्या बँकेतल्या त्या पाचशेचं काय?" मी खिचडी वाढताना सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं.

"परवा."

"पहाटे फोन कर. चारला. तेव्हा दिवाणजी जागा असतो."

आईने दिवा बंद करायला बटण शोधलं. पहिल्या बटणाने पंखा लागला, दुसऱ्याने गॅलरीतला दिवा. तिसऱ्याने अंधार झाला. मी मोबाइलच्या उजेडात पुढचा प्रश्न काढला. गजर चार पंधराचा लावला. गादी आज आहे, तेव्हा त्याची गरज लागेल.