सावली थांबत नाही: एकाच बागेत, एकाच झाडासमोर वर्षभर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे बाहेर बसून निसर्गचित्र काढणं. हिमालयात वगैरे जाऊन नाही हं, घराजवळच्या बागेत. मी चित्रकार नाही. पुण्यात राहतो, बीटेक केलंय, कोड लिहून पोट भरतो. मग हे खूळ कुठून आलं? तर झालं असं, की गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी नोकरी गेली.

घरी सांगायचं धाडसच झालं नाही. बाबा नुकतेच रिटायर झालेले, घराचा हप्ता माझ्या पगारातून जायचा. 'शिफ्ट बदललीय' असं आईला सांगितलं आणि रोज सकाळी सातला लॅपटॉपची बॅग घेऊन निघायला लागलो. जायचो कुठे? दोन स्टॉप लांब असलेल्या महापालिकेच्या बागेत. अर्ज पाठवायचो, रील्स बघायचो. चौथ्या दिवशी त्याचाही कंटाळा आला. मग शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी घेतलेली कागदाची वही, ब्रश आणि जलरंगांचा डबा बॅगेत टाकला. समोर गुलमोहर होता. म्हटलं, काढू या.

तासाभरात छान हिरवंगार झाड तयार. पाणी घालायला आलेले माळीकाका मागे थांबले. म्हणाले, "चांगलंय. पण हे कुठलं झाड?" मी वर बघितलं. फेब्रुवारीतला गुलमोहर! पानं जवळजवळ सगळी गळलेली, नुसत्या फांद्या आणि लोंबणाऱ्या लांब तपकिरी शेंगा. मी समोरचं झाड काढलंच नव्हतं. शाळेत स्मरणचित्रात घोकलेलं झाड काढलं होतं.

बाहेर बसून चित्र काढण्याची पहिली अडचण हीच आहे. आपण बघत नाही, आठवतो.

सावली आधी पकडा

दुसरी अडचण म्हणजे उजेड थांबत नाही. यात थोडं गणित आहे, घाबरू नका. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दर चार मिनिटांनी एक अंश. २१ मार्चच्या आसपास पुण्यात सूर्योदयानंतर एका तासाने झाडाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौपट असते. आणखी एका तासाने ती दुपटीपेक्षाही कमी होते. म्हणजे तुम्ही फांद्या रंगवत बसलात, तोवर सावली अर्ध्यावर आलेली असते. शेवटी ती काढली, तर झाडावर सातचा उजेड आणि जमिनीवर आठची सावली. चित्र बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

उपाय सोपा आहे. पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने सावलीची कड आखून घ्या आणि नंतर ती बदलू नका. बाहेर कितीही सरकू दे.

फ्रान्समध्ये क्लोद मोने याने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची चित्रं काढताना वेगळी युक्ती केली होती. तो अनेक कॅनव्हास सोबत ठेवायचा आणि उजेड बदलला की पुढचा घ्यायचा. आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाकाठी राहायचे आणि त्याच परिसराची चित्रं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूंत काढायचे. जागा तीच असल्यामुळे काय काय बदललं ते नीट दिसतं. कोडमध्ये आपण एका वेळी एकच गोष्ट बदलून तपासतो ना, तसंच.

फोटो काढून घरी का नाही रंगवायचं?

हा प्रश्न मला सगळे विचारतात. कारण फोन तुमच्या वतीने निर्णय घेतो. एचडीआर चालू असेल, तर तो कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम एकत्र करतो, सावल्या उजळवतो, आकाश गडद करतो. झाडाखालच्या सावलीत पडलेला आकाशाचा निळसरपणा डोळ्याला दिसतो, फोटोत बऱ्याचदा हरवतो.

पण फोन निरुपयोगी नाही बरं का. कॅमेऱ्याला काळा-पांढरा फिल्टर लावून समोरचं दृश्य बघा. उजळ, मध्यम आणि गडद असे तीनच भाग शोधा. फोन नसेल तर डोळे किलकिले करा, बारीक तपशील पुसले जातात आणि हेच तीन भाग उरतात. ते बरोबर जमले, तर रंग थोडे चुकले तरी चालतं. उलटं मात्र चालत नाही.

बारा महिने, एक झाड

फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्यांचा सांगाडा दिसतो. झाड उभं कसं राहतं ते शिकायचा हाच काळ.

एप्रिल-मेमध्ये झाड लाल होतं आणि रंग ब्रशवरच वाळतो. एक हात फिरवून दुसरा द्यायच्या आत कड सुकते आणि रेघ उठते. म्हणून आधी कागद ओला करून घ्या आणि नऊच्या आत आटपा. १३ मेच्या आसपास पुण्यात भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या वेळी सगळंच सपाट दिसतं.

जून ते सप्टेंबर उलटी तऱ्हा. हवेतच इतका ओलावा, की रंग वाळतच नाही. वाट बघा, नाहीतर चिखल होतो. फायदा असा, की ढगाळ दिवशी उजेड बराच वेळ सारखा राहतो. मोठी डोकेदुखी म्हणजे हिरवा. डब्यातला तयार हिरवा प्लास्टिकसारखा दिसतो. निळा आणि पिवळा मिसळा, त्यात किंचित बर्न्ट सिएना घाला. प्रमाण बदललं की पाच वेगळे हिरवे मिळतात.

ऑक्टोबरमध्ये पावसाने धुतलेली हवा आणि धारदार सावल्या. डिसेंबरमध्ये दुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी लांब पडते. सकाळी धुकं असलं, तर मागची झाडं फिकट होत जातात. एकाच रंगात पाणी वाढवत गेलात की अंतर आपोआप येतं.

आणि पाऊस आला

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी धो-धो कोसळला. अर्ध्या तासात मी भिजलेला कागद घेऊन घरी. आईने दार उघडलं. बॅगेतून लाल पाणी गळत होतं. तिने बॅग घेतली, उघडली, लॅपटॉपशेजारची वही बाहेर काढली आणि एकेक पान उलटत बसली. फेब्रुवारीपासूनची सगळी चित्रं, प्रत्येकाखाली तारीख आणि वेळ. मंगळवार, सकाळी साडेआठ. गुरुवार, नऊ वाजता.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"चार महिने."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "डोकं पूस आधी. बाबांना संध्याकाळी तू सांग, मी बसते शेजारी."

सांगितलं. बाबा चिडले, पण नोकरी गेल्याबद्दल नाही, लपवल्याबद्दल. हप्त्याचं काहीतरी बघू म्हणाले आणि बघितलंही. सप्टेंबरमध्ये मला दुसरी नोकरी लागली. चित्रांमुळे लागली असं काही नाही, उगाच प्रेरणादायी करत नाही. पण माझ्यापुरतं एक कळलं. घरचे काय म्हणतील याचं चित्र मी चार महिने डोक्यातूनच काढत होतो. समोर बघितलंच नव्हतं.

तुम्हाला करायचं असेल तर

३०० जीएसएमचा कागद घ्या, पातळ कागद पाण्याने वाकतो. एक जाड गोल ब्रश, सहा रंग, पाण्याची बाटली, जुनं फडकं. आकार पोस्टकार्डाएवढा ठेवा, म्हणजे तासाभरात पुरं होतं. पांढरा रंग लागत नाही, जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडा. आणि मागे तारीख, वेळ लिहायला विसरू नका.

मी आता फक्त रविवारी जातो. परवा माळीकाकांनी नवीन चित्र बघितलं आणि म्हणाले, "हां, हा आपला गुलमोहर." त्या दिवशी मी पार्टीच केली.

या रविवारी घराजवळचं एक झाड निवडा, सावलीची कड आखा आणि बघा किती सरकते ते. भेटू पुढच्या भागात!