शिधा आणि शिजलेला घास

दुष्काळात धान्य नसते, म्हणून माणूस उपाशी राहतो. महानगरात कोठारे भरलेली असतानाही त्याच्यावर उपासमारीची पाळी येऊ शकते, हे कोरोनाच्या साथीने २०२० साली दाखवून दिले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा सरकारी कोठारांतील गहू-तांदूळ विहित राखीव साठ्याच्या दुपटीहून अधिक होता. तरीही मुंबईत रोजंदारीवर जगणाऱ्या अनेकांच्या पोटाचा प्रश्न काही दिवसांतच उभा राहिला. असे का व्हावे?

केंद्र सरकारने एप्रिलपासून अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकाधारकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत देऊ केले. उपाय मोलाचा खरा. परंतु त्याचा लाभ होण्यास पत्रिका, चूल आणि सरपण किंवा गॅस, तिन्ही लागतात. परप्रांतातून आलेल्या मजुराची पत्रिका बहुधा गावीच राहिलेली. खानावळीत जेवणाऱ्याजवळ भांडी नाहीत, पदपथावर राहणाऱ्याला छप्पर नाही, आणि एकट्या वृद्धाच्या अंगी दुकानापर्यंत जाण्याचे त्राण नाही. अशांच्या पदरी तांदूळ पडला, तरी त्याचा भात होत नाही.

ही उणीव सामुदायिक स्वयंपाकघरांनी पुष्कळ अंशी भरून काढली. गुरुद्वारांचे लंगर, सेवाभावी संस्था आणि बंद उपाहारगृहांचे भटारखाने या कामी आले. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी २६ जानेवारीस सुरू केलेल्या शिवभोजन थाळीची किंमत मार्चअखेर १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असे तिचे स्वरूप होते.

या कामात रांधण्याहून वाटप अवघड. उन्हाळ्यात कोंडलेली गरम खिचडी लवकर आंबते. म्हणून ती वेळेवर योग्य दारी पोहोचावी लागते. कोणत्या गल्लीत किती तोंडे, कोण अंथरुणास खिळलेले, हे वस्तीतल्या कार्यकर्त्यालाच ठाऊक असते. सरकारी यादीत नाव नसलेला माणूस त्याच्या ओळखीचा असतो.

मात्र केवळ दानावर चाललेली चूल फार काळ पेटती राहत नाही. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साथ असेपर्यंत स्थलांतरित मजुरांसाठी अशी स्वयंपाकघरे चालविण्याचा आदेश राज्यांना दिला. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजनाही २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. पत्रिका अशा रीतीने मजुराबरोबर शहरात आली. चूल मात्र आली नाही. म्हणून धान्याच्या साठ्याबरोबरच वस्तीवस्तीतील स्वयंपाकघरांची आणि निराधारांची नोंद नगरपालिकांनी पुढील संकटापूर्वीच करून ठेवावयास हवी.