काम केल्याशिवाय पदवी नाही : केंटकीतल्या एका कॉलेजचा आठवडा



गळीत हंगाम उतरणीला लागला की आपल्या घराघरांत दोन विषय निघतात. एक उसाच्या बिलाचा आणि दुसरा पोरांच्या फीचा. पहिल्या विषयावर या पानांत नेहमीच लिहिले जाते. या अंकात दुसऱ्यावर लिहायचे आम्ही ठरवले आहे, आणि त्यासाठी जरा लांब, म्हणजे अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जायचे आहे. तिथे बेरिया नावाच्या गावात त्याच नावाचे एक कॉलेज आहे. विद्यार्थी दीड हजाराच्या आसपास. या कॉलेजने १८९२ सालापासून एकाही विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेतलेली नाही.

फुकट म्हटले की शेतकऱ्याला आधी शंका येते. यात काहीतरी गोम असणार! गोम आहेच. तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला कमीत कमी दहा तास काम करावे लागते. मुलगा असो, मुलगी असो, हुशार असो, बेताचा असो, कुणाचीही सुटका नाही.

मुलूख कसला?

केंटकीचा पूर्व भाग डोंगराळ. ॲपलाचिया नावाच्या डोंगररांगेत मोडणारा. तिथल्या लोकांची पोटं पिढ्यानपिढ्या कोळशाच्या खाणींवर आणि डोंगरउतारावरच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर चालली. अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात, पण हा मुलूख तिथल्या गरीब मुलखांपैकी एक म्हणून ओळखला जातो. थंडीमुळे तिकडे आपल्यासारखा ऊस येत नाही. मात्र गोड ज्वारीची ताटं चरकात घालून रस काढायचा, तो कढईत आटवायचा आणि काकवीसारखा पाक करायचा, हा उद्योग तिथे सुगीच्या दिवसांत अजून चालतो. म्हणजे चुलाण आणि मळी काढणे त्या लोकांना परके नाही.

बेरियात प्रवेश मिळतो तो बेताच्या मिळकतीच्या घरांतल्या मुलांना. ऐपतदार बापाला ‘आमच्या पोराला घ्या, वाटेल ती फी भरतो’ असे म्हणायची तिथे सोय नाही. आणि बहुतेक मुले याच डोंगरी भागातली.

शिक्षणाच्या पद्धतीला तिकडे ‘लिबरल आर्ट्स’ म्हणतात. याचा चित्रकलेशी संबंध नाही बरे का. मुलाला एकाच विषयाच्या घाण्याला न जुंपता भाषा, इतिहास, गणित, विज्ञान असे चौफेर शिकवायचे आणि मग एका विषयात खोलवर न्यायचे. कॉलेज लहान, वर्ग लहान, शिक्षक मुलाला नावाने ओळखणारा. बेरियात याच्या जोडीला शेतीची आणि नर्सिंगची पदवीही घेता येते.

आठवड्याचे कामाचे दिवस

ऑक्टोबरातला एखादा आठवडा डोळ्यांपुढे आणा. सोमवार उजाडला की एकीकडे तास आणि दुसरीकडे काम. पहिल्या वर्षाच्या मुलाला काम नेमून दिले जाते. तिथे आवड-निवड चालत नाही. पुढच्या वर्षांत तो आपल्या कलाने खाते निवडू शकतो.

कुणी ग्रंथालयात पुस्तके लावतो, कुणी कचेरीत हिशेब बघतो, कुणी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, कुणी लहान मुलांच्या शाळेत मदत करते. काही मुले विणकामाच्या मागावर बसतात, काही लाकूडकाम करतात. झाडू बांधण्याचे एक खाते आहे आणि ते शंभर वर्षांपासून चालू आहे. तिथले झाडू देशभर विकले जातात. आपल्याकडे कॉलेजात शिकणाऱ्या पोराच्या हातात झाडू दिला तर बाप भांडायला येईल. तिकडे पोरगा तो झाडू स्वतः बांधतो आणि अभिमानाने दाखवतो.

कॉलेजची स्वतःची शेती सुमारे पाचशे एकर. ती १८७१ सालापासून विद्यार्थ्यांच्या हाताने चालत आली आहे. गुरे, डुकरे, शेळ्या, भाजीपाला, धान्य, मध असा पसारा. दुभत्या जनावराला रविवार नसतो आणि परीक्षाही नसते, हे आपण जाणतोच. तिथली पोरेही ते जाणतात.

गावात ‘बून टॅव्हर्न’ नावाचे कॉलेजचे हॉटेल आहे, १९०९ साली उघडलेले. कॉलेज बघायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय अध्यक्षांच्या घरीच करावी लागे, त्याला कंटाळून अध्यक्षांच्या पत्नीने हे हॉटेल काढायला लावले अशी त्याची हकीकत आहे. तिथे वाढपी आणि मदतनीस म्हणून विद्यार्थी काम करीत आले. मक्याच्या पिठाचा चमच्याने खायचा मऊ पाव ही तिथली खासियत.

या कामाचे तासावर पैसे मिळतात. रक्कम माफकच, पण अनुभव वाढेल तशी वाढते. शिकवणी फुकट असली तरी राहण्या-जेवणाचा खर्च ऐपतीप्रमाणे उचलावा लागतो, त्याला हे पैसे उपयोगी पडतात. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कामाचेही मूल्यमापन होते आणि त्याची वेगळी नोंद राहते. म्हणजे मुलगा बाहेर पडतो तो दोन प्रगतिपत्रके घेऊन. एक डोक्याचे, एक हाताचे.

गुरुवारची सभा आणि डोंगराचा दिवस

गुरुवारी दुपारी तीनला फेल्प्स-स्टोक्स चॅपल या मोठ्या सभागृहात सगळ्या कॉलेजसाठी कार्यक्रम घेण्याची तिथे जुनी चाल आहे. कधी व्याख्यान, कधी गाणे, कधी नाटक. गावकऱ्यांनाही दार उघडे आणि तिकीट नाही. हे सभागृह १९०६ सालचे. ते उभारताना विद्यार्थ्यांच्या हातांचे श्रम त्यात पडले आहेत. आपण श्रमदानाने बांधलेल्या शाळेच्या भिंतीकडे ज्या नजरेने बघतो, तीच नजर तिथेही असणार.

ऑक्टोबरात एक दिवस तास बंद ठेवून सारे कॉलेज जवळच्या डोंगरावर चढते. त्याला ‘माउंटन डे’ म्हणतात. ही रीत एकोणिसाव्या शतकापासूनची. याच महिन्यात शनिवार-रविवार धरून डोंगरी लोकसंगीताचा उत्सव १९७४ साली तिथे सुरू झाला. फिडल आणि बँजो घेऊन खेड्यातली म्हातारी माणसे यायची आणि शिकलेली पोरे त्यांच्यापुढे ऐकायला बसायची. वसंतात पुन्हा एक दिवस तास बंद असतात, तो श्रमाचा सण. आपण बैलाचा पोळा करतो, ते कामाचा करतात.

कायद्याने ओढलेली रेघ

हे सगळे सुखासुखी उभे राहिलेले नाही. कॉलेजचा पाया १८५५ साली जॉन फी या धर्मोपदेशकाने घातला. तेव्हा केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती आणि फी तिचा कट्टर विरोधक. काळ्या आणि गोऱ्या मुलांनी, मुलग्यांनी आणि मुलींनी एका वर्गात बसावे हा त्याचा हट्ट. १८५९ साली हत्यारबंद जमावाने त्याला आणि त्याच्या सोबत्यांना राज्याबाहेर हाकलले. यादवी युद्धानंतर ते परत आले आणि १८६६ साली शाळा भरली तेव्हा पटावर ९६ काळी आणि ९१ गोरी मुले होती.

पुढे १९०४ साली राज्याने कायदाच केला. काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणे गुन्हा! असे शिकवणारे कॉलेज बेरिया हेच होते, म्हणजे कायदा कुणावर रोखलेला होता हे उघड आहे. बेरिया कोर्टात गेले. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. काळ्या मुलांसाठी लुइव्हिल शहराजवळ वेगळी संस्था काढून द्यावी लागली. ही रेघ पुसायला १९५० साल उजाडले. कायदा दुरुस्त झाला आणि बेरियाने काळ्या मुलांना पुन्हा दार उघडले.

कायदा होण्याच्या आदल्याच वर्षी, १९०३ साली, बेरियातून कार्टर वुडसन नावाचा तरुण पदवी घेऊन बाहेर पडला. आई-बाप गुलामीत जन्मलेले, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला. याच माणसाने १९२६ साली काळ्या लोकांच्या इतिहासाचा एक आठवडा पाळायला सुरुवात केली. आज अमेरिकेत त्या आठवड्याचा महिना झाला आहे.

पैसा येतो कुठून?

सभासदाला हा प्रश्न पडायलाच हवा. उत्तर आपल्या ओळखीचे आहे : राखीव निधी. १९२० साली कॉलेजच्या विश्वस्तांनी ठराव केला. मृत्युपत्राने जी देणगी कुठलीही अट न घालता येईल ती खर्चायची नाही, कायम निधीत टाकायची. मुद्दलाला हात लावायचा नाही. शंभर वर्षांत हा निधी शंभर कोटी डॉलरच्या वर गेला आणि बराचसा खर्च त्याच्या उत्पन्नातून भागतो. २०१७ साली अमेरिकेत श्रीमंत कॉलेजांच्या निधीवर कर बसला, त्यात हे गरिबांचे कॉलेजही सापडत होते. २०१८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्याची सुटका झाली. मोठा निधी दिसला की सरकारची नजर जाते, हा अनुभव सहकाराला नवा नाही!

आता आपल्या अंगणात

वाचता वाचता तुम्हाला सातारा आठवला असेल. आम्हालाही आठवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत, स्वतः रांधत, शेतात राबत. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली सातारला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे शब्द आपल्यातल्या कित्येकांनी शाळेच्या भिंतीवर वाचले आहेत. तेव्हा बेरियाकडून उसने घ्यावे असे आपल्याला फारसे काही नाही. पण एक गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे.

आपल्याकडे ‘कमवा आणि शिका’ योजना आज चालते ती बहुतेक ठिकाणी गरजू मुलांसाठी म्हणून. चार पोरे कॉलेजच्या बागेत खुरपं धरतात आणि बाकीची कट्ट्यावरून बघतात. खुरपं धरणाऱ्याला वाटते, आपल्या गरिबीची दवंडी पिटली जातेय. मग तो नाव काढून घेतो किंवा गपगुमान कर्ज काढतो. बेरियात तसे होत नाही, कारण तिथे काम सगळ्यांनाच आहे. सगळेच राबतात तिथे कोण कुणाला हिणवणार?

सहकाराचा पायाही तोच ना? १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. तिथे लहान शेतकऱ्याने दिलेला शेअर ही कुणाची मेहेरबानी नव्हती. ज्याने त्याने आपला वाटा घातला आणि मान वर करून मालक झाला. पोरांच्या शिक्षणालाही हाच नियम लावता येईल.

खर्च अवाढव्य आहे असेही नाही. कॉलेजात ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहे, रोपवाटिका आहे, कचेरी आहे. कारखान्याकडे माती परीक्षण आहे, ऊसनोंदी आहेत. आठवड्याला दहा तास नको, चार तास धरू. मात्र चेअरमनच्या पोराला आणि ऊसतोडणी कामगाराच्या पोराला सारखेच. कामाची नोंद ठेवावी, प्रमाणपत्र द्यावे, आणि मजुरी वेळेवर द्यावी. मजुरी रखडली तर योजना पहिल्याच वर्षी बसेल.

आपल्या भागातल्या कॉलेजात ‘कमवा आणि शिका’त किती मुले-मुली आहेत, त्यांना काय काम मिळते आणि पैसे कधी मिळतात, एवढी चौकशी प्रत्येक सभासदाने आपल्या गावापुरती करावी. जी माहिती हाती येईल ती गटाच्या कचेरीत लिहून द्यावी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत शिक्षणाचा विषय निघेल, तेव्हा नुसत्या भाषणापेक्षा हे आकडे हाताशी असलेले बरे.