पाऊस सामुदायिक, तरतूद वैयक्तिक

अमरावतीहून नागपूरकडे जाताना तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’त सुधारणेचे एकक व्यक्ती नव्हे, तर गाव मानले. भाविक त्याकडे उपदेश म्हणून पाहतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते एक रोखठोक आर्थिक विधान म्हणून वाचण्यास हरकत नाही. बदलत्या हवामानाला वऱ्हाडची कोरडवाहू शेती तोंड कसे देणार, या प्रश्नाचा गाभा या एककाच्या निवडीतच आहे.

वऱ्हाडची अडचण पावसाच्या बेरजेपेक्षा त्याच्या वाटपाची आहे. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या २०१७ च्या अभ्यासात दिसून आले. एकूण मोसमी पाऊस मात्र याच काळात घटत होता. कास्तकाराच्या भाषेत याचा अर्थ असा, की पेरणीनंतर खंड पडतो, दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो आणि मग एका रात्रीत वावर तुंबते. भारी काळी जमीन कोरडी पडली की भेगाळते आणि भिजली की पाण्याचा निचरा होऊ देत नाही. एकाच हंगामात सोयाबीन फुलोऱ्यात तहानते आणि काढणीला सडते.

यावर रुंद वरंबा-सरीचा आणि उताराला आडव्या पेरणीचा उपाय कृषिशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. त्याला फार पैसा लागत नाही. खंडात ओल टिकते, अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते. पण ते जाते कोठे? धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या वावरात. एवढा साधा उपायसुद्धा एका शेतात अर्धाच लागू पडतो. उतारावरच्या सगळ्या शेतांनी आणि खालच्या नाल्याने मिळून तो पुरा व्हावा लागतो.

राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू केलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे प्रयोजनच हवामानाशी जुळवून घेणारी शेती हे होते. सुमारे ४,००० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे आली. २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्यालाही मान्यता मिळाली. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची कल्पना त्यात आहे आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र प्रशासनाला जे सहज मोजता येते तेच पुढे सरकते. अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, पावती, खात्यात अनुदान ही साखळी ठिबक संचासाठी चोख चालते. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे पाणी ओढू नये, या कराराची पावती कोणत्या दुकानात मिळणार?

वरुड तालुक्याकडे पाहावे. संत्र्याच्या बागांनी या तालुक्याला समृद्धी दिली आणि बागांच्या तहानेने भूगर्भ उपसला; शासकीय भूजल मूल्यांकनात हा तालुका अतिशोषित म्हणून नोंदला गेला. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा राज्यातील ज्या तीन तालुक्यांत प्रथम झाली, त्यांत वरुड होता. माणसे उन्हात घाम गाळून चर खणत होती. परंतु चरात मुरलेले पाणी सातबारा ओळखत नाही; ज्याची बोअर खोल, त्याच्याकडे ते जाते. श्रमदान भूमिहीनाने करावे आणि बहार बागायतदाराने घ्यावा, अशी वाटणी त्यात संभवते. ठिबकने वाचलेले पाणीही जमिनीतच राहील याची हमी नाही. ते नव्या बागेखाली जाऊ शकते.

त्याच अमरावती जिल्ह्यात पश्चिमेला, दर्यापूर-भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात, खोल बोअर घेऊन उपयोगच नाही. खाली खारे पाणी आहे. तेथे अडवलेले पावसाचे पाणी आणि जमिनीतली ओल एवढेच भांडवल. त्यावर हरभरा उभा राहतो. निसर्गाने तेथे घातलेली मर्यादा गोड्या पाण्याच्या भागात माणसांनी स्वतः घालून घ्यावयाची आहे, आणि हेच अवघड आहे.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा. तो अमलात आला २०१४ मध्ये. त्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून तिच्यावर निर्बंध सांगितले. पण बोअरची गाडी रात्री गावात शिरते तेव्हा कायदा झोपलेला असतो. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केल्या, ऊस-केळी टाळली आणि पावसाच्या मापावरून ग्रामसभेत पिके ठरवली. ते ग्रामसभेने ठरवले म्हणून टिकले.

शहरातील पगारदाराचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. त्याच्या वेतनचिठ्ठीत वर्षाला कमाल २,५०० रुपयांची व्यवसाय कराची कपात असते. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी, म्हणजे १९७२ च्या दुष्काळातून निघालेल्या योजनेसाठी. दुष्काळाची जोखीम साऱ्या समाजाची, हे तेव्हा तत्त्वतः मान्य झाले होते. त्या पैशातून नाला-बांध आणि पाझर तलाव झाले. ते सर्वांचे होते, म्हणून पुढे त्यांतला गाळ काढण्याचे काम कोणाचेच उरले नाही. देखभालीसाठी दरवर्षी लागणारी लहान रक्कम कोणत्याही मोठ्या योजनेत शोभून दिसत नाही.

ऑक्टोबरात पुण्यतिथीला मोझरीत मोठा समुदाय जमतो. पाऊस सरलेला असतो, विहिरींची पातळी मोजता येते आणि रब्बीचा निर्णय व्हावयाचा असतो. मोझरीच्या पंचक्रोशीतील ग्रामसभांनी यंदा किती पाणी मुरले आणि त्यातून किती एकर गहू, किती हरभरा, हा हिशेब फळ्यावर मांडायचा ठरवला, तर त्यासाठी लागेल एक पर्जन्यमापक, मोजणीची दोरी आणि बागायतदारांनाही बैठकीला बसवण्याची गावाची हिंमत.