मॅमोग्रामचे सेगमेंटेशन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मॅमोग्राम म्हणजे स्तनाचा कमी मात्रेचा एक्स-रे. संगणकाकडून त्याचे विश्लेषण करून घेण्याआधी स्तन, पार्श्वभूमी आणि छातीचा स्नायू हे भाग वेगळे करावे लागतात. या कामाला सेगमेंटेशन म्हणतात.

गैरसमज: सेगमेंटेशन म्हणजेच कर्करोगाचे निदान.
वस्तुस्थिती: या टप्प्यावर केवळ तपासायच्या भागाची हद्द आखली जाते. संशयास्पद गाठ कर्करोगाची आहे की नाही, याची खात्री बायोप्सीनेच होते.

गैरसमज: मॅमोग्रामवर स्तनाशिवाय काहीच नसते.
वस्तुस्थिती: ब्रिटनमधील ‘मिनी-मिआस’ या संग्रहात स्कॅन केलेल्या फिल्मच्या 322 प्रतिमा आहेत. अशा फिल्मवर लेबले आणि ओरखडेही उमटलेले असतात. तिरक्या, म्हणजे एमएलओ, प्रतिमेत वरच्या कोपऱ्यात छातीच्या स्नायूचा पांढरट त्रिकोण दिसतो. त्याची छटा दाट ग्रंथींच्या छटेशी मिळतीजुळती असते. तो वगळला नाही, तर स्तनाची घनता प्रत्यक्षाहून जास्त मोजली जाऊ शकते.

गैरसमज: उजळपणाची एक मर्यादा ठरवली की काम झाले.
वस्तुस्थिती: ओत्सू यांची 1979 ची पद्धत अशी मर्यादा आपोआप ठरवते आणि काळी पार्श्वभूमी बऱ्यापैकी वेगळी काढते. मात्र त्वचेजवळची कडा फिकट असल्याने तीही कापली जाण्याचा धोका असतो. स्नायूची कडा, प्रतिमेतील रेषा शोधणाऱ्या हफ रूपांतराने, सरळ रेषा मानून शोधता येते, पण प्रत्यक्षात ती अनेकदा वक्र असते. एका बिंदूपासून सारख्या छटेचे पिक्सेल जोडत जाणारी पद्धत स्नायू ओलांडून ग्रंथींमध्ये शिरू शकते.

गैरसमज: प्रतिमा जितकी गुळगुळीत, तितकी चांगली.
वस्तुस्थिती: मीडियन फिल्टर प्रत्येक पिक्सेलला त्याच्याभोवतीच्या चौकटीतल्या पिक्सेलचे मध्यक मूल्य देऊन ठिपक्यांसारखा गोंगाट घालवतो. ही चौकट मोठी ठेवली, तर कॅल्शियमचे सूक्ष्म कणही पुसले जातात. हे कण अनेकदा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतात आणि त्यांचे पुंजके कर्करोगाची सुरुवातीची खूण ठरू शकतात.

गैरसमज: डीप लर्निंगमुळे तज्ज्ञांची गरज उरली नाही.
वस्तुस्थिती: जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात 2015 मध्ये विकसित झालेले यू-नेट हे सेगमेंटेशनचे न्यूरल नेटवर्क सहसा तज्ज्ञांनी आखलेल्या हद्दींवरूनच शिकवले जाते. फिल्मवर शिकलेले मॉडेल डिजिटल यंत्राच्या प्रतिमांवर चुकू शकते. मॉडेलने आणि तज्ज्ञांनी आखलेले भाग किती जुळतात हे सांगणारा डाइस गुणांक 1 च्या जवळ असला, तरी एखादा छोटा पण महत्त्वाचा कोपरा सुटलेला असू शकतो. शिवाय, स्नायूच्या भागावर काखेतल्या लसीका गाठीही दिसू शकतात. स्नायूबरोबर त्या नजरेआड होऊ नयेत, यासाठी आखलेली हद्द वेगळ्या फाइलमध्ये ठेवून मूळ प्रतिमा जशीच्या तशी जपावी लागते.