विक्रेत्याचे वय आणि त्याचा गल्ला

नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेने हिर्डोशी खोऱ्यातून जाणारा रस्ता ज्या वरंध घाटाने कोकणात उतरतो, तेथे वाघजाईच्या देवळापाशी भजीच्या टपऱ्या आहेत. तेथे थांबणारा प्रवासी मालकाचे वय विचारून थांबत नाही, ही साधी गोष्ट विक्रीकलेची चर्चा करताना मात्र आपण विसरतो.

गैरसमज : माल खपवावा तरुणानेच, चाळिशीनंतर उतार ठरलेला.

वस्तुस्थिती : थॉमस एन्ग आणि डॅनियल फेल्डमन यांनी २००८ साली निरनिराळ्या व्यवसायांतील ३८० अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला, तेव्हा वय आणि नेमून दिलेल्या कामातील कर्तबगारी यांचा संबंध जवळजवळ नगण्य आढळला.

गैरसमज : जितकी वर्षे धंद्यात, तितका गल्ला मोठा.

वस्तुस्थिती : अनुभवाचे फळ आरंभीच्या वर्षांत भराभर पदरी पडते आणि पुढे त्याची वाढ मंदावते. उदाहरणार्थ, हिरड्याच्या धंद्यात आठळी धरण्यापूर्वीचा कोवळा बाळहिरडा आणि पक्व हिरडा यांची पारख काही हंगामांत साधते. तिच्यासाठी केस पांढरे व्हावे लागत नाहीत. जुन्या विक्रेत्याची विक्री अधिक दिसते याची कारणे पुष्कळदा अन्यत्र असतात : ज्यांना धंदा जमला नाही ते केव्हाच तो सोडून गेलेले असतात, आणि जो उरला त्याच्याकडे बांधलेली गिऱ्हाइके व पत आधीपासूनच जमा असते.

गैरसमज : नव्या पिढीचा पिंडच निराळा.

वस्तुस्थिती : केवळ एका सालात जन्मल्याने पिढी घडत नाही, तारुण्यात वाट्याला आलेले सामायिक प्रसंग तिला घडवितात, हे समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम याने १९२८ सालीच मांडले होते. शिवाय एकाच वर्षी केलेल्या पाहणीत वयाचा परिणाम कोणता आणि पिढीचा कोणता, याची फोड करता येत नाही. कारण आजचा साठीचा गृहस्थ वयाने वडील आणि पिढीनेही जुना, असा दुहेरी असतो. विक्रीत वय वा पिढी निर्णायक नसते याचा एक दाखला : उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. तरीही पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्या समजुतीपुढे विक्रेत्याचे तारुण्य निरुपयोगी होते, आणि त्याचे वार्धक्यही तितकेच निरुपयोगी ठरले असते.

म्हणून माणूस कामावर ठेवताना त्याच्या जन्मसालापेक्षा त्याला जिन्नस कळतो काय आणि गिऱ्हाइकाची शंका तो ऐकून घेतो काय, एवढीच चौकशी करावी.