कॅम्परव्हॅन घेण्याआधी

पलंग, पडदे, दिवे नंतर पाहा. आधी आरसी बुक मागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. टेम्पो ट्रॅव्हलरचं गॅरेजात ‘घर’ करून घेतलं आणि नोंद जुनीच राहिली, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

मग वीज. विक्रेते इथेच फार गोड बोलतात. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट साठते. लेड-अ‍ॅसिड असेल तर आयुष्य राखायला त्यातली निम्मीच वापरायची. दिवे, पंखा, मोबाइल यांना ती पुरे. एक टनाचा एसी तासाभरात तिचा फडशा पाडतो. रात्रभर गारवा हवा तर बाहेरून जोडणी घ्या, नाहीतर बॅटऱ्यांचा मोठा संच, म्हणजे आणखी वजन. पाण्याचंही तेच: 100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि टाकी टपावर असली तर घाटातल्या वळणावर गाडी झुलते.

शौचालय? त्याची टाकी रिकामी करायची सोय आपल्या महामार्गांवर क्वचितच. सोसायटीच्या पार्किंगची उंचीही मोजा. जमल्यास तशीच गाडी आधी भाड्याने घ्या, शक्यतो जुलैत. छत गळतं का, ते तेव्हाच कळेल.